शंभर किलो दाण्यातून एकशे चौदा किलो माल

आकडे आधी, कर्जाची फाईल करून देणाऱ्या दलालाला दिलेल्या पैशांचे. आगाऊ ४,९९९ रुपये. 'सीएच्या सहीचे' ६,५००. 'पोर्टल फी' २,९९९. उद्यम नोंदणी १,९९९. एकूण १६,४९७ रुपये, सगळे यूपीआयने, पक्की पावती एकाचीही नाही. बदल्यात हातात आला पीएमईजीपीच्या (छोट्या धंद्याला अनुदानासह कर्ज देणारी केंद्राची योजना) कर्जासाठी लाकडी घाण्याचा ३८ पानी प्रकल्प अहवाल. एआयला चार ओळी सांगून कुणीही तो दहा मिनिटांत फुकट काढला असता. बँकेने तर तो चाळून तसाच परत सरकवला.

'शंभर टक्के मंजुरी', 'कोटा संपत आला', हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ते पुन्हा उगाळत नाही. जीव जळतो तो पान ११ मुळे.

तिथे लिहिलं होतं: १०० किलो शेंगदाण्यापासून ६० लिटर तेल आणि ६० किलो पेंड. ६० लिटर तेलाचं वजन साधारण ५४.६ किलो भरतं. वर ६० किलो पेंड. म्हणजे घाण्यात १०० किलो घातले आणि ११४ किलो बाहेर आले! अडीच किलो दाण्याला एक किलो तेल, हे घाण्यावर आठवडाभर उभं राहिलेलं पोरगंही सांगेल. हे पान वाचलं तेव्हा ११,४९९ रुपये गेले होते. तिथेच थांबलो असतो तर उरलेले ४,९९८ तरी वाचले असते. वाचलं, आणि पान उलटलं.

का उलटलं? समोर रंगीत तक्ते होते, पाच वर्षांचा नफा-तोटा होता, डीएससीआर, म्हणजे कर्ज फेडायच्या ऐपतीचं गुणोत्तर, दशांशापर्यंत काढलेला होता. ज्याला घाणा कळतो तो डीएससीआर दिसला की गप्प बसतो. 'मोठ्या लोकांचं गणित असेल' असं वाटतं. याला मूर्खपणा म्हणायचं तर म्हणा, पण असा अहवाल पहिल्यांदा हातात घेणाऱ्या दहापैकी नऊ जण हेच करतील.

आता तो डीएससीआर. अहवालात ४.८ होता. कर्ज फेडायची ऐपत मोजताना नफा, घसारा आणि व्याज यांच्या बेरजेला व्याज अधिक मुद्दलाच्या हप्त्याने भागायचं असतं. इथे नुसत्या व्याजाने भागलं होतं, मुद्दल गायब. छोट्या धंद्यात दीड-दोनच्या जागी ४.८ दिसला की कर्ज अधिकारी पुढचं वाचतच नाही.

विजेचंही तेच. ५ एचपीची मोटर म्हणजे ३.७३ किलोवॅट. रोज ८ तास, महिन्याला २५ दिवस चालली तर पूर्ण भाराला ७४६ युनिट. अहवालात १५० युनिट. काम मात्र वर्षाचे ३६५ दिवस, सण नाही, दुरुस्ती नाही. यंत्रांची किंमत पान ९ वर २,८५,०००, पान १७ वर २,५८,०००. एआयने लांबलचक मजकूर लिहिला की असे आकडे वाटेत बदलतात. म्हणून त्याच्याकडून सूत्रं घ्या, बेरीज-भागाकार स्वतःच्या स्प्रेडशीटमध्ये करा. यंत्राचा भाव पुरवठादाराच्या लेखी कोटेशनवरूनच. पान २३ वर चौकटी कंसात 'येथे गावाचे नाव लिहा' तसंच राहिलं होतं. तेही कुणी पुसलं नव्हतं.

अनुदानात तर कहर. ग्रामीण भागात खुल्या प्रवर्गातल्या पुरुषाला २५ टक्के. ३५ टक्के महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी अशा विशेष प्रवर्गांना. प्रकल्प ६,४०,००० चा, म्हणजे अनुदान १,६०,०००. अहवालात २,२४,०००, आणि तेही पहिल्याच दिवशी कर्जातून वजा! प्रत्यक्षात ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून असतं. शिवाय प्रकल्प खर्चात जमिनीचे १,५०,००० धरलेले. या योजनेत जमिनीची किंमत धरताच येत नाही.

अर्ज ऑनलाइन आणि फुकट. उद्यम नोंदणीही फुकट. फी मागितली की फोन ठेवा. सीएने प्रमाणपत्र दिलं असेल तर त्यावर १८ अक्षरांचा यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, हवा. तो सीएंच्या संस्थेच्या पोर्टलवर कुणालाही तपासता येतो. इथे नुसता गोल शिक्का, यूडीआयएन नाही. साडेसहा हजार रुपये त्या शिक्क्याचे.

आता साहेब लोक. बँकेचं म्हणणं, पैसे तुम्हीच पाठवले, पिन तुम्हीच टाकला. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तासभर प्रयत्न करून फोन लागला, तर 'माल मिळाला ना मग?' पोलीस ठाण्यात तीन खेपा. पहिल्या खेपेला साहेब बंदोबस्तावर, दुसऱ्या खेपेला 'अर्ज टाईप करून आणा', तिसऱ्या खेपेला 'हे दिवाणी आहे'. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, असं म्हटलं तर 'कायदा तुम्हीच शिकवा आता'. खोट्या शिक्क्याचं काय, यावर उत्तर नाही. योजनेच्या जिल्हा कार्यालयात 'आम्ही त्या दलालाला नेमलंय का?' भिंतीवर 'दलालांपासून सावध राहा' हा फलक, आणि त्याच फलकाखाली टेबल टाकून बसलेला माणूस 'फाईल करायची का?' विचारतो. तो तिथे कुणाला दिसत नाही!

उरतो ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. पण पावती नसल्याने सगळा भार व्हॉट्सॲपच्या संभाषणावर. 'चॅट डिलीट करा, मेमरी भरते' असं माझा दलाल दोनदा का म्हणाला, ते आता कळतं. करू नका. एक्सपोर्ट करून ठेवा.

एआय वापरायचंच तर आपले आकडे आपण द्यायचे: किती किलो माल, कोणत्या भावाने, किती दिवस. मग त्याला विचारायचं, 'यात कोणतं गृहीतक बँक अधिकारी खोडून काढेल?' हे काम ते बऱ्यापैकी करतं. आधार, पॅन त्यात टाकू नका.

माझं आधार, पॅन आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट अजून त्या दलालाकडेच आहे. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलंय. कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो, म्हणून ते आलटून पालटून मागवतोय. भलतंच कर्ज नावावर दिसलं, तर चौथी खेप.