कोटींचा आकडा आणि कराराची मुदत : अमेरिकी कॉलेज कॉन्फरन्सच्या प्रक्षेपण करारांचा तुलनात्मक आढावा

अमेरिकेत विद्यापीठांचे क्रीडासंघ ज्या गटांत एकमेकांशी खेळतात त्यांना कॉन्फरन्स म्हणतात, आणि बहुतेक विद्यापीठांच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क त्यांच्या वतीने कॉन्फरन्सच विकते. त्यामुळे एखाद्या विद्यापीठाचे अध्यक्ष किंवा विश्वस्त कॉन्फरन्स बदलण्याचा विचार करतात, तेव्हा त्यांच्यासमोर प्रत्यक्षात दोन प्रक्षेपण करार तोलायला ठेवलेले असतात. बातमीच्या मथळ्यात येणारा ‘दर विद्यापीठामागे वर्षाला इतके कोटी’ हा आकडा या तुलनेत सर्वांत आधी डोळ्यांत भरतो. माझ्या मते दिशाभूलही तोच सर्वाधिक करतो.

हा बाजार उभा राहिला तो १९८४ साली. तोवर कॉलेज फुटबॉलचे किती सामने आणि कोणाचे सामने दूरचित्रवाणीवर दिसावेत हे एनसीएए ही देशव्यापी संघटना ठरवत असे. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या नियामक मंडळाने दाखल केलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी मोडीत काढली आणि हक्क विकण्याची वाट विद्यापीठांना व कॉन्फरन्सना मोकळी झाली. आजची उलाढाल किती मोठी आहे, हे आपल्याकडच्या आकड्याशेजारी ठेवून पाहता येते. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांसाठी आयपीएलचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना, म्हणजे तेव्हाच्या दराने ६०० कोटी डॉलरहून अधिक रकमेला विकले गेले. हा सौदा झाला त्याच वर्षी, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, बिग टेन या एका कॉन्फरन्सने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांसाठी ७०० कोटी डॉलरहून मोठा करार केला. मैदानात उतरणारे खेळाडू तेव्हा विद्यापीठाकडून पगार न घेणारे विद्यार्थी होते, एवढाच काय तो फरक.

निवड म्हणजे नेमके काय, हे २०२३ च्या उन्हाळ्यात पॅक-१२ कॉन्फरन्सच्या सदस्यांवर आलेल्या प्रसंगातून सर्वांत स्पष्ट दिसते. यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांनी आधीच्याच वर्षी बिग टेनची वाट धरल्याने तिथला मोठा प्रेक्षकवर्ग हातचा गेला होता. कॉन्फरन्सचा जुना करार २०२४ मध्ये संपत होता आणि नवा काही जुळत नव्हता. शेजारच्या बिग १२ चा करार खरे तर त्यानंतर एक वर्षाने संपणार होता. पण तिचे आयुक्त ब्रेट योर्मार्क यांनी रांगेत पुढे घुसून २०२२ च्या ऑक्टोबरमध्येच ईएसपीएन (डिस्नेची क्रीडा वाहिनी) आणि फॉक्सशी सहा वर्षांचा, सुमारे २२८ कोटी डॉलरचा करार उरकून घेतला. रक्कम डोळे दिपवणारी नव्हती. मात्र वाहिन्यांच्या तिजोरीत तेव्हा जेवढा पैसा शिल्लक होता, त्यातला मोठा हिस्सा त्यात अडकला.

अखेर पॅक-१२ च्या सदस्यांसमोर ॲपलचा प्रस्ताव आला. दर विद्यापीठामागे वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख डॉलरची हमी, आणि त्यावरची वाढ ॲपलच्या इंटरनेटवरील प्रक्षेपण सेवेला किती वर्गणीदार मिळतात यावर अवलंबून. बिग १२ मध्ये हाच वाटा सरासरी ३ कोटी १७ लाख डॉलरचा होता; तोही ठोक, आणि सामने घरोघरी पोहोचलेल्या वाहिन्यांवर. वर्गणीदार भरपूर मिळाले असते तर ॲपलचा प्रस्ताव बिग १२ ला मागे टाकू शकला असता, हे खरे. पण त्या ‘तर’चा सगळा धोका विद्यापीठांच्या माथी होता. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागण्याची कोणाची तयारी नव्हती. कोलोरॅडो जुलैअखेरीस बिग १२ मध्ये गेले होतेच; ४ ऑगस्टला ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा त्याच वाटेने गेले, आणि ओरेगॉन व वॉशिंग्टन यांनी बिग टेन निवडले.

या शेवटच्या दोघांचा हिशेब मुद्दाम पाहण्याजोगा आहे. बिग टेनने त्यांना पूर्ण वाटा दिला नाही. आरंभी वर्षाला सुमारे ३ कोटी डॉलर आणि पुढे दर वर्षी १० लाखांची वाढ, अशी बोली ठरली. म्हणजे पहिल्या वर्षी बिग १२ च्या पूर्ण वाट्याहूनही थोडे कमीच. तरीही निर्णय चुकला असे मला वाटत नाही, कारण बिग टेनचा करार २०३० मध्ये संपतो आणि पुढच्या वाटाघाटीत ही विद्यापीठे प्रथम श्रेणीच्या कॉन्फरन्समध्ये बसलेली असतील. त्यांनी आजच्या रकमेपेक्षा उद्याच्या पंगतीतली जागा विकत घेतली. मोठा चाहतावर्ग आणि काही वर्षे कळ सोसण्याची ऐपत असलेल्या विद्यापीठालाच हे परवडते. इतरांसाठी बिग १२ चा ठोक वाटा अधिक शहाणपणाचा होता.

एसीसीकडे (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) पाहिले की मुदतीचा मुद्दा उलट बाजूने कळतो. तिचा ईएसपीएनशी करार २०३६ पर्यंतचा आहे, आणि सदस्यांनी आपल्या मैदानावरील सामन्यांचे हक्क तेवढ्याच मुदतीसाठी कॉन्फरन्सच्या नावे लिहून दिले आहेत. २०१६ मध्ये ही लांब मुदत स्थैर्य वाटली असणार. बाजारभाव चढत गेले तशी ती बेडी ठरली. २०२३ च्या आर्थिक वर्षात प्रक्षेपणासह सर्व उत्पन्न धरून बिग टेनच्या जुन्या सदस्यांना सुमारे ६ कोटी ५ लाख डॉलर मिळाले, एसीसीच्या पूर्ण सदस्यांना सरासरी ४ कोटी ४८ लाख. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन या एसीसीच्या सदस्यांनी न्यायालय गाठले आणि २०२५ च्या मार्चमध्ये तडजोड झाली: ज्यांचे सामने जास्त पाहिले जातात त्यांना जास्त वाटा, आणि बाहेर पडण्याचा दंड वर्षागणिक कमी. तरीही या तडजोडीच्या आधीच पॅक-१२ मधून उरलेल्या स्टॅनफर्ड आणि बर्कली यांनी सात वर्षे जेमतेम ३० टक्के वाटा पत्करून याच कॉन्फरन्समध्ये प्रवेश घेतला. पॅसिफिकच्या बाजूची विद्यापीठे ‘अटलांटिक किनारा’ असे नाव असलेल्या कॉन्फरन्समध्ये गेली. डॅलसच्या एसएमयूने तर नऊ वर्षे प्रक्षेपणाचा एक डॉलरही न घेण्याचे कबूल केले, श्रीमंत देणगीदारांच्या भरवशावर, आणि पहिल्याच हंगामात राष्ट्रीय प्लेऑफ गाठले.

एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) बद्दल थोडक्यात. तिच्या सर्वोत्तम सामन्यांसाठी सीबीएस वर्षाला सुमारे साडेपाच कोटी डॉलर देत असे. तोच संच २०२४ पासून दहा वर्षांसाठी डिस्नेने वर्षाला सुमारे ३० कोटी डॉलरना घेतला. उत्तम करार आहे, पण तिथले दार निमंत्रणाशिवाय उघडत नाही, त्यामुळे बहुतेकांच्या निर्णयात तो येतच नाही.

मिळणाऱ्या रकमेतून काय वजा होते, हेही त्याच कागदावर मांडावे. फुटबॉलचा संघ हंगामात मोजकेच प्रवास करतो. व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुलींना मात्र लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीपर्यंत विमानाने जाऊन पुन्हा वर्गात हजर व्हावे लागते. यूसीएलएच्या डोक्यावर आणखी एक बोजा आला: तिच्या जाण्याने बर्कलीचे नुकसान झाले म्हणून, दोन्ही ज्याचे परिसर आहेत त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने तिला बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर देण्यास सांगितले. शिवाय २०२५ च्या जूनमध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. हे सक्तीचे नाही, पण चांगले खेळाडू हवे असणाऱ्यांना टाळता येणारही नाही. ॲपलच्या हमीतून एवढी रक्कम काढली असती तर वर्षाअखेरीस विद्यापीठाकडे सुमारे २५ लाख डॉलर उरले असते; बिग १२ च्या वाट्यातून १ कोटी १२ लाख.