फ्रॉगफिश की ड्वार्फ लायनफिश: घरच्या खाऱ्या टाकीसाठी तळाचा शिकारी निवडताना

खाऱ्या पाण्याच्या टाकीत तळाशी दबा धरून बसणारा शिकारी मासा ठेवायचे ठरले, की निवड बहुधा वॉर्टी फ्रॉगफिश आणि फझी ड्वार्फ लायनफिश या दोघांवर येऊन थांबते. स्टोनफिशही काहींच्या मनात असतो. परंतु पाठीवर 13 विषारी काटे बाळगणारा आणि 40 सेंटिमीटरपर्यंत वाढू शकणारा तो मासा घरात आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फ्रॉगफिश फार तर 15 सेंटिमीटरचा होतो, त्याला विष नसते आणि पोहण्याचाही त्याला कंटाळाच असतो. दगडाला टेकून तो तासन्‌तास स्पंजाच्या गोळ्यासारखा बसतो. त्याच्या पाठीच्या पराचा पहिला काटा गळाच्या काठीसारखा असून त्याच्या टोकाला आमिष असते. काठी दोनदा हलते, एखादा डॅमसेल मासा कुतूहलाने जवळ येतो आणि पुढच्या क्षणी तो तिथे नसतो. जबडा उघडून भक्ष्य आत ओढायला जेमतेम सहा मिलिसेकंद लागतात. स्वतःएवढ्या लांबीचा मासाही तो गिळू शकतो, म्हणून त्याला एकट्यालाच ठेवावे लागते. दुसरी अडचण त्याच्या हावरटपणाची आहे: समोर आलेले तो पोट भरले असतानाही घेतो, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन वेळाच आणि बेताने खाऊ घालण्याचा संयम मालकाकडे हवा. त्याला जाळीने पाण्याबाहेर काढू नये, कारण पोटात हवा शिरली तर ते जिवावर बेतू शकते. पाण्यातल्या पाण्यातच डब्यात घ्यावे.

फझी ड्वार्फ लायनफिशही साधारण त्याच आकाराचा, सुमारे 17 सेंटिमीटरपर्यंतचा आहे. दगडांवर टेकून बसणे त्यालाही आवडते, परंतु अन्न दिसताच तो पंख पसरून पुढे येतो. तोंडात न मावणाऱ्या शांत माशांबरोबर तो राहू शकतो. कोळंबी आणि लहान मासे मात्र वाचत नाहीत. प्रश्न विषारी काट्यांचा आहे. काटा टोचला तर सोसवेल इतक्या, म्हणजे 45 अंश सेल्सिअसच्या आतल्या, गरम पाण्यात 30 ते 90 मिनिटे हात बुडवून ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावे. घरात लहान मुले असतील, तर मी फ्रॉगफिशच घेईन. सोबतीला इतर मासे हवे असतील, तर लायनफिश.

दोघांनाही गोल्डफिशसारखे गोड्या पाण्यातले जिवंत मासे रोजचा आहार म्हणून देऊ नयेत, कारण त्यातून यकृतावर चरबी चढते. कोळंबी, माकूळ आणि समुद्री मासे आलटून पालटून द्यावेत. हे मासे घाण बरीच करतात, त्यामुळे प्रोटीन स्किमरवर, म्हणजे फेसाच्या साहाय्याने पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्रावर, काटकसर नको. पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला चिमट्याने कोळंबीचा तुकडा समोर धरायला सांगावे. लायनफिश गोठवलेल्या खाण्यावर सहसा लवकर येतो, फ्रॉगफिशला मात्र तुकडा हलवून फसवावे लागते, आणि तरीही तो तोंड उघडत नसेल तर त्या दिवशी रिकाम्या हाताने परतावे.