रानवाटांसाठी जुनी मोटारसायकल: बुलेट, येझदी की आरएक्स १००?

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ मधील त्याची दुरुस्ती यांनंतर आपल्याकडे शिकारीचा विषय संपला. आता त्याच वाटांवर बंदुकीऐवजी कॅमेरा आणि दुर्बीण जाते. ठाणे किंवा नवी मुंबईत राहून उरणजवळच्या पाणजे पाणथळीपर्यंत, बारवी धरणाच्या परिसरात किंवा पावसाळ्यात माळशेजला पक्षी पाहायला जाण्यासाठी जुनी मोटारसायकल घ्यावी असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासमोर बहुधा तीनच नावे येतात. अभयारण्यात गाडी न्यायची नसते, त्यामुळे तुलना आहे ती रानाच्या कडेपर्यंतच्या कच्च्या रस्त्यांपुरती.

जुनी बुलेट ३५० दोन माणसे, तिवई आणि जड लेन्स घेऊन घाट कुरकुर न करता चढते, आणि उतारावर गिअर खाली टाकला की इंजिनच गाडीला आवरते. मात्र तिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असतो. आजच्या गाड्यांची सवय असलेला माणूस ऐनवेळी ब्रेकऐवजी गिअर दाबतो, म्हणून पहिला महिनाभर तरी गर्दीत जपूनच चालवावी. किक मारण्याचेही एक तंत्र आहे: डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबून, अ‍ॅमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मापकाचा) काटा मध्यावर आणून मगच पाय टाकावा, नाहीतर किक उलटून घोट्यावर बसते. खरी अडचण वजनाची आहे. १६० किलोंहून जड असलेली ही गाडी ओल्या बांधावर आडवी झाली, तर एकट्याने उचलणे कठीण.

मैसूरला १९९६ पर्यंत बनत असलेली येझदी रोडकिंग वजनाने बुलेट आणि आरएक्स यांच्या मधली आहे आणि माझा कल तिच्याकडे आहे, हे आधीच सांगितलेले बरे. २५० सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन कमी वेगातही चांगले ओढते, त्यामुळे खड्ड्याखड्ड्यांतून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेटत नेता येते. किकची दांडी पुढे वळवली की तीच गिअरची दांडी होते, हे कौतुक वेगळेच. पण पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचे वंगण, स्वतः मोजून मिसळावे लागते. शिवाय माळशेजसारख्या लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गाडी सोडली, तर पेट्रोलबरोबर जाणारे ऑइलही कमी होते आणि पिस्टन धरण्याचा, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसण्याचा, धोका असतो. म्हणून मधूनमधून क्लच दाबून थोडा थ्रॉटल द्यावा. पाणजेच्या बांधावर एकदा पुढच्या मडगार्डमध्ये चिकणमाती इतकी ठासून बसली की चाक फिरेना. काठीने ती खरवडून काढेपर्यंत समोरचे शेकाट्यांचे थवे केव्हाच उडून गेले होते.

आरएक्स १०० बद्दल थोडक्यातच सांगता येईल. जेमतेम १०० किलोंच्या आसपासची, ११ अश्वशक्तीची ही गाडी एकट्याला चिखलातून ढकलत काढता येते आणि ऑइलची टाकी वेगळी असल्याने मोजदादीची कटकट नाही. मात्र तिची ओढ वरच्या वेगात येते, बारीक टायर सैल खडीवर सरकतात आणि हौसेपोटी किंमती फार चढल्या आहेत. एकट्याने फिरणाऱ्याने तीच घ्यावी. मागे कोणी बसणार असेल, तर बुलेट.

टू-स्ट्रोकचा फटफटाट पक्ष्यांना लांबूनच सावध करतो, त्यामुळे शेवटचा अर्धा किलोमीटर चालण्याची तयारी हवीच.

कागदपत्रांबाबत एक गैरसमज दिसतो. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ नोंदणी करता येते, पण मग ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. भटकंतीसाठी घ्यायची असेल, तर नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरण झालेलीच गाडी पाहावी. इंजिन आणि चासीचे क्रमांक आरसीशी स्वतः पडताळून पाहावेत, आणि विकणाऱ्याने इंजिन आधीच गरम करून ठेवले असेल, तर चहा घेत ते गार होईपर्यंत थांबून मगच पहिली किक मारावी.