गायवान की यिशिंगची किटली : पहिली खरेदी कोणती?

दुधाविना चिनी चहाची गोडी लागली की लवकरच भांड्याचा प्रश्न पुढे येतो. झाकणाचा चिनीमातीचा वाडगा, म्हणजे गायवान, घ्यावा की यिशिंगच्या मातीची छोटी किटली? दोन्ही भांडी ‘गोंगफू चा’ या एकाच पद्धतीत वापरली जातात. ग्वांगडाँग प्रांतातील चाओझोउ आणि दक्षिण फुजियान या भागांत रुजलेल्या या पद्धतीत शंभर मिलिलिटर पाण्याला साधारण पाच ते सहा ग्रॅम पत्ती घेतात, पहिले पाणी दहा-पंधरा सेकंदांत गाळून घेतात आणि त्याच पत्तीवर पुन्हा पुन्हा गरम पाणी ओततात. पातेल्यात चहा उकळणाऱ्या आपल्या घरांत हे प्रमाण उधळपट्टीचे वाटेल. परंतु चांगला ऊलाँग, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार, सहा-सात पाण्यांपर्यंत सहज चव देतो, हे ध्यानात घेतले की हिशेब जमतो.

गायवानाचे भाग तीन : बशी, वाडगा आणि झाकण. चिनी परंपरेत झाकण म्हणजे आकाश, बशी म्हणजे भूमी आणि मधला वाडगा म्हणजे माणूस. आपल्याकडे बशीत चहा ओतून तो निववून पितात. येथे मात्र बशीचे काम हाताला चटका बसू न देण्याचे आहे. जियांग्शी प्रांतातील जिंगदेझेन किंवा फुजियानमधील देहुआ येथे घडणाऱ्या पांढऱ्या चिनीमातीच्या गायवानावर काचेसारखी झिलई असते, त्यामुळे ते भांडे चहाचा गंध शोषून घेत नाही आणि स्वतःचे काही चहात मिसळतही नाही. सकाळी हिरवा लाँगजिंग, दुपारी ऊलाँग आणि रात्री काळपट, आंबवलेला पुअर, असे तिन्ही चहा एकाच गायवानात करता येतात आणि मधे भांडे नुसते विसळले तरी पुरते. चहा वाईट असेल तर तोही गायवान लपवून ठेवत नाही. जो अजून चव ओळखायला शिकतो आहे, त्याच्यासाठी हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

गायवानाचा दोष एकच, पण तो चांगलाच जाणवतो : त्याला कान नाही. अंगठा आणि मधले बोट काठावर, तर्जनी झाकणाच्या मुठीवर, आणि झाकण किंचित तिरपे करून त्या फटीतून चहा ओतायचा, ही क्रिया वाचायला सोपी आहे. पहिल्या आठवड्यात माझी बोटे दोनदा पोळली आणि एकदा झाकण थेट कपात पडले. पुढे कारण उमगले : काठ बाहेरच्या बाजूला जिथे वळतो, त्याच्या वर पाणी भरले की बोटांखालचा काठही तापतो. पाणी त्या वळणाच्या खाली ठेवावे, काठ चांगला पसरट असलेला गायवान निवडावा आणि सुरुवातीला शंभर-एकशे वीस मिलिलिटरहून मोठा घेऊ नये.

किटलीची गोष्ट निराळी आहे. जियांग्सू प्रांतात, ताइहू सरोवराच्या पश्चिमेला यिशिंग आहे आणि तेथील डिंगशू गावाच्या परिसरात ‘झिशा’, म्हणजे जांभळी वाळू, या नावाने ओळखली जाणारी माती मिळते. पारंपरिक कारागीर ही किटली चाकावर घडवत नाहीत. मातीचे पातळ पत्रे लाकडी थापीने ठोकून, ते जोडून अंग तयार करतात. किटलीवर झिलई नसते, आणि भाजल्यावरही तिच्यात सूक्ष्म छिद्रे राहतात. ती चहाचा गंध धरतात, म्हणूनच एका किटलीला एकच प्रकारचा चहा असा दंडक आहे. वर्षानुवर्षे वापरलेल्या किटलीत नुसते गरम पाणी ओतले तरी चहा मिळतो, असे सांगतात. मला ती अतिशयोक्ती वाटते. मात्र बाहेरून चढत जाणारी तुकतुकी आणि कडक चवीला येणारी गोलाई, म्हणजे सौम्यपणा, या गोष्टी खऱ्या आहेत.

ही गोलाई प्रत्येक चहाला मानवत नाही. वुयी डोंगरातील कोळशावर भाजलेला ‘खडकी’ ऊलाँग किंवा युन्नानचा आंबवून पिकवलेला पुअर यांना आधणाचे पाणी आणि टिकून राहणारी उष्णता लागते. जाड अंगाच्या किटलीत त्यांचा कडकपणा निवळतो. याउलट ऐंशी अंशांच्या आसपासच्या पाण्यावर होणारा लाँगजिंग बंद, तापलेल्या किटलीत शिजल्यासारखा होतो, आणि फुजियानमधील आन्शीच्या कमी भाजलेल्या तिएगुआनयिन या ऊलाँगचा फुलांसारखा वास माती काहीशी दाबून टाकते. या दोहोंना गायवानच बरा. दार्जिलिंगचा पहिल्या तोडीचा चहाही मी त्यातच करतो. जपानी मॅचा, म्हणजे हिरव्या चहाची बारीक पूड, प्यायचा असेल, तर ही तुलनाच गैरलागू आहे. त्याला रुंद तोंडाचा वाडगा आणि बांबूची घुसळणी लागते.

पैशांचा विचार केला तर दोहोंत मोठे अंतर आहे. साधा पण उत्तम गायवान थोडक्या पैशांत मिळतो, तर खऱ्या झिशाची हाताने घडवलेली किटली त्याच्या कित्येक पट महाग असते. शिवाय साच्यात ओतलेल्या, रंग मिसळलेल्या किटल्या ‘यिशिंग’ म्हणून सर्रास विकल्या जातात. मीही अशीच एक आधी घेतली होती. गरम पाणी पडताच तिला बूटपॉलिशसारखा वास येई, आणि तिच्यात आता मनीप्लांट आहे.

म्हणून माझा सल्ला असा की आधी गायवान घ्यावा आणि वाचलेले पैसे चांगल्या पत्तीवर खर्च करावेत. सहा महिन्यांनी कोणता डबा सर्वांत आधी रिकामा होतो ते पाहावे. तो भाजलेल्या ऊलाँगचा किंवा पुअरचा असेल, तरच किटलीकडे वळावे. ती घेताना दुकानात पाणी भरून ओतून पाहण्याची परवानगी मागावी. धार न फुटता सलग पडली पाहिजे आणि झाकणावरच्या छिद्रावर बोट ठेवताच ती थांबली पाहिजे. थांबत नसेल, तर झाकण नीट बसत नाही असे समजावे. त्यानंतर आत उकळते पाणी भरून मिनिटभराने वास घ्यावा. ओल्या मातीचा मंद वास चालेल, रंगाचा किंवा मेणाचा आला तर किटली परत ठेवावी.