आजोबांचा साचा गेला, वीस काडतुसं आली

आमची बाग देवगड तालुक्यात. वडिलांच्या पश्चात आजोबांची एक्सप्रेस रायफल, म्हणजे काळ्या दारूवर वेगाने गोळी सोडणारी जुनी शिकारी रायफल, रीतसर परवान्यावर माझ्याकडे आली. १८८० च्या दशकातली, बर्मिंगहॅमला घडवलेली, दोन नळ्यांची, बाहेर घोडे असलेली, पॉइंट पाचशे बोअरची, म्हणजे अर्धा इंच रुंद नळीची. शिकारीचा विषय १९७२ च्या कायद्यानंतर घरात संपलाच. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला तिला तेलाचा हात फिरवायचा. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत एक आठवडा चुकला तरी नळीवर गंजाचे ठिपके उठतात.

रायफलीची ओक लाकडाची पेटी होती. तिच्यात शिसं ओतायचा लोखंडी साचा, दारू मापायचं पितळी माप आणि पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) बुडातली ठिणगी पाडणारी जुनी टोपी काढून नवी बसवायचं हत्यार. त्या काळी कारखानदार अशा रायफलीबरोबर तिच्या नळीला जुळणारा साचा देत. आमच्या साच्यावर तर रायफलीचाच नंबर कोरलेला आहे. हे आधी सांगतो, कारण माझं खरं नुकसान पैशाचं नाही, या साच्याचं झालं.

वडिलांनी लहानपणी या रायफलीचा बार ऐकला होता. मी कधीच ऐकला नव्हता. एकदा रेंजवर, कागदी लक्ष्यावर, दोन बार काढावेत एवढीच इच्छा होती. पण या बोअरचं काडतूस दुकानात मिळत नाही. मी दोन वर्षं विचारत फिरलो, आणि त्याची कुणकुण कुणाला लागायची त्याला लागली.

ओळखीतल्या एकाने कणकवलीच्या बाजूच्या एका माणसाशी गाठ घालून दिली. जुन्या बंदुका दुरुस्त करतो, काडतुसं भरून देतो, असं म्हणाला. परवान्याची झेरॉक्स दाखवली. त्यावरचं नाव दुसऱ्याचं होतं. विचारल्यावर "मामांचा परवाना, काम मीच बघतो" असं उत्तर मिळालं. माझा विश्वास बसला तो त्याच्या बोलण्यामुळे. इंग्रज सरकारने १९०७ मध्ये हिंदुस्थानात पॉइंट चारशे पन्नासच्या रायफली आणायला बंदी घातली, त्या बोअरची दारूगोळ्याची रसद बंडखोरांच्या मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलींना मिळू नये म्हणून, आणि त्यातून पॉइंट चारशे सत्तरसारखे नवे बोअर निघाले, हे त्याने मला न अडखळता सांगितलं. ते सगळं खरं आहे. एवढं जाणणारा माणूस चुकीचं काडतूस कसं देईल, असं मला वाटलं.

वीस काडतुसं, एकेक चौदाशेला, म्हणजे अठ्ठावीस हजार. हापूसचे पैसे नुकतेच हातात आले होते. पंधरा हजार आगाऊ दिले. "गोळी तुमच्याच साच्यातून ओतली पाहिजे," म्हणत त्याने साचा, माप, टोपीचं हत्यार सगळं नेलं. रायफल मी हातातून सोडली नाही, तेवढी अक्कल शाबूत होती.

तीन आठवड्यांनी काडतुसं आली. चहाच्या पाण्याने रंगवल्यासारखा कागद चिकटवलेला डबा, चकाकत्या पुंगळ्या. एक चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतुसाच्या खोबणीत, सरकवून पाहिलं, अलगद बसलं. मी उरलेले तेरा हजार त्याच्या हातावर ठेवले. बिल मागितलं नाही, परवान्यावर खरेदीची नोंद झाली नाही. ही चूक माझी, आणि ती कायद्यातही चूकच आहे. साचा "पुढच्या फेरीला आणतो" म्हणाला. नंतर फोन बंद.

करूळ घाट चढून कोल्हापूरला रेंजवर गेलो. तिथे आमच्याच मुलखातले एक निवृत्त हवालदार होते. त्यांनी एक काडतूस उचललं, कानाशी नेऊन हलवलं.

"अरे, ह्यां वाजता कित्याक?"

मला ते घरीही ऐकू आलं होतं. विचारलं तेव्हा त्या माणसाने "आतली चकती सैल असेल" असं सांगितलं होतं. हवालदारांनी समजावलं की काळी दारू पुंगळीत पोकळी न ठेवता दाबून भरतात, त्यामुळे काडतूस खुळखुळत नाही. खुळखुळतं ते कमी भरलेलं, म्हणजे बहुधा धूर न करणाऱ्या नव्या दारूचं. त्यांनी मला रायफलीत एकही घालू दिलं नाही. परवानाधारक कारागिराकडून एक उघडून घेतलं, तर आतून काळे चमकदार कण निघायच्या ऐवजी करडे, बारीक नळ्यांचे तुकडे निघाले. चिमूटभर पाण्यात टाकले, तसेच राहिले. काळ्या दारूतला सोरा पाण्यात विरघळून पाणी गढूळ झालं असतं.

ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कॉर्डाइट ही धूर न करणारी, जास्त दाबाची दारू आल्यावर जुन्याच पॉइंट पाचशेच्या पुंगळीत ती भरायला सुरुवात झाली आणि नायट्रो एक्सप्रेस हे जास्त ताकदीचं काडतूस तयार झालं. म्हणून दोन्ही प्रकारची काडतुसं एकाच चेंबरमध्ये बसू शकतात. चेंबरमध्ये अलगद बसण्याला काही अर्थ नाही. आमच्या नळीवरचे प्रूफ मार्क, म्हणजे दाब सोसण्याच्या चाचणीचे शिक्के, फक्त काळ्या दारूचे आहेत, नव्या दारूचा दाब तिने कधी सोसलेलाच नाही. शिवाय गोळी आमच्या साच्यातल्या मऊ शिशाची नव्हतीच, तांब्याचं कवच असलेली होती. पुंगळ्यांच्या बुडावरचे मूळ शिक्के घासून काढलेले होते आणि पाच पुंगळ्यांना तोंडाशी बारीक चिरा होत्या. नळी फुटली असती तर पहिला गेला असता माझा डावा हात, जो तिच्याखाली असतो.

तेव्हा उमगलं की त्याला अठ्ठावीस हजारांत फारसा रस नव्हता. नंबर कोरलेला जुना साचा संग्राहकांच्या बाजारात चांगला विकला जातो, आणि तो मी स्वतःच्या हाताने त्याच्या पिशवीत घातला होता.

आठवडाभर भीतीने गप्प राहिलो. बिल नसताना काडतुसं घेतली म्हणून मलाच धरतील, असं वाटत होतं. मग वकील असलेल्या भावाला घेऊन ठाण्यात गेलो, एकोणीस काडतुसं आणि उघडलेल्याचे तुकडे जमा केले, झालं ते सगळं लिहून दिलं. परवान्याशिवाय काडतुसं बनवणं आणि विकणं शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली गुन्हा आहे, हे मला तिथे समजलं. चौकशी चालू आहे.

तुमच्याकडे अशी जुनी रायफल असेल, तर नळीवरचे मार्क आधी परवानाधारक कारागिराकडून वाचून घ्या आणि पेटीतली हत्यारं कुणाच्याही हाती देऊ नका. एक विनंतीही आहे. मुंबई-पुण्यात जुन्या वस्तू घेणाऱ्यांपुढे पॉइंट पाचशेचा लोखंडी साचा आला, लाकडी मुठींचा, एका मुठीला आगीने काळवंडलेला डाग असलेला, तर तो घेण्याआधी त्यावरचा नंबर बघा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. तो डाग वडिलांच्या हातून पडला होता, शिसं ओतताना.