घरी 3.3 किलोवॉट, घरी 7.2 की बाहेरचा डीसी फास्ट चार्जर? इलेक्ट्रिक गाडी घेण्याआधी ठरवायची गोष्ट

शोरूममध्ये रेंजवर तासभर बोलणं होतं आणि चार्जिंगवर पाच मिनिटं. "वॉलबॉक्स (भिंतीवर लावायचा चार्जिंगचा डबा) बसवून घ्या, लवकर होतं" म्हणतात आणि विषय मिटतो. गाडी घरी आल्यावर मात्र रोज संबंध येतो तो चार्जिंगशीच. म्हणून माझं मत आधीच सांगतो. रोजचं रनिंग 60-70 किलोमीटरच्या आत असेल आणि रात्री गाडी स्वतःच्या पार्किंगमध्ये उभी राहत असेल, तर 15 अँपिअरचा साधा पॉइंट पुरतो. वॉलबॉक्सचे पैसे वायर आणि अर्थिंगवर घाला.

हिशेब करून बघा. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक कार मीटरच्या एका युनिटमध्ये साधारण 6 किलोमीटर जाते. 50 किलोमीटरला आठ-सव्वाआठ युनिटं लागतात. गाडीसोबत येणारा पोर्टेबल चार्जर 3.3 किलोवॉटचा, म्हणजे अडीच तासांचं काम. रात्री दहाला गन (गाडीत लावायचा चार्जिंगचा प्लग) लावली तर साडेबाराला दिवसभराचं रनिंग भरून निघालेलं असतं. बॅटरी रोज शून्यावरून भरायची नसते, हे एकदा पटलं की निम्मी धास्ती जाते.

पण हा साधा पॉइंट गीझरच्या पॉइंटसारखा समजू नका. गीझर वीस मिनिटांत बंद होतो, गाडी कधी कधी दहा तास सलग 15 अँपिअर ओढते. आमच्या पार्किंगमध्ये पहिल्यांदा जो पॉइंट घातला होता, त्याच्या प्लग टॉपला महिनाभरानं हात लावला तर चटका बसला. सॉकेट उघडलं, तर एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं आणि स्क्रू ढिला. मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत 40 मीटर अंतर आणि वायर 2.5 चौरस मिलिमीटरची. एवढ्या लांबीत 15 अँपिअरला जवळजवळ 9 व्होल्ट वाटेतच जातात आणि सव्वाशेहून जास्त वॉट नुसते वायर तापवण्यात. आम्ही 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली, औद्योगिक सॉकेट लावलं, वेगळी एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) आणि आरसीसीबी (विजेची गळती झाली की बंद होणारा स्विच) घातली. प्लग आता कोमटही होत नाही.

अर्थिंगचं तर विचारूच नका. जुन्या इमारतींत ते अनेकदा नावालाच असतं. चार्जर सुरू होण्याआधी अर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर लाल दिवा लावून थांबतो. लोकांना वाटतं चार्जर बिघडला. वायरमनला आधी न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातलं व्होल्टेज मोजायला सांगा. ते दोन-तीन व्होल्टच्या आसपास असायला हवं. आमच्याकडे 38 निघालं होतं.

आता 7.2 किलोवॉटचा वॉलबॉक्स. 45 किलोवॉट-तासांची, म्हणजे 45 युनिटांची बॅटरी 10 टक्क्यांवरून पूर्ण भरायला 3.3 वर साधारण 14 तास लागतात, यावर सव्वासहा. घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या असतील, रोज दीड-दोनशे किलोमीटर जाणं असेल किंवा रात्री उशिरा येऊन पहाटे निघायचं असेल, तर हा खर्च योग्य आहे. 32 अँपिअरसाठी किमान 6 चौरस मिलिमीटरची वायर लागेल, आणि बहुतेक घरांना मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल.

त्याआधी गाडीत बसवलेला ऑनबोर्ड चार्जर किती किलोवॉटचा आहे ते विचारा. भिंतीवरचा डबा खरं तर चार्जर नसतोच. घरातल्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी वीज करण्याचं काम गाडीच्या पोटातला चार्जर करतो, आणि तो 3.3 चा असेल तर भिंतीवर 7.2 लावून एक मिनिटही वाचत नाही. टाटाची टियागो ईव्ही 2022 मध्ये आली तेव्हा तिच्यात 3.3 आणि 7.2 असे दोन्ही पर्याय होते. घरी वॉलबॉक्स घ्यायचा की नाही, हे गाडीचं मॉडेल निवडतानाच ठरत होतं.

भिंतीवरचा डबा आणि गाडी आपसात बोलतात कसे, तो भाग मला फार आवडतो. टाइप 2 या एसी चार्जिंगच्या गनमध्ये एक बारीक पिन असते, कंट्रोल पायलट. तिच्यावर भिंतीवरचा डबा सेकंदाला 1000 वेळा चालू-बंद होणारा सिग्नल पाठवतो. त्यातला 'चालू' भाग जितके टक्के, त्याला 0.6 नं गुणलं की मिळतात अँपिअर. 25 टक्के म्हणजे 15, साधारण 53 टक्के म्हणजे 32. गाडी तो आकडा वाचते आणि त्याहून जास्त ओढत नाही. त्याच वेळी गाडीच्या आत बॅटरीची व्यवस्था पाहणारं बीएमएस कॅन बसच्या, म्हणजे गाडीतले भाग ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या जाळ्याच्या, दोन पिळलेल्या तारांवरून ऑनबोर्ड चार्जरला सांगत असतं की बॅटरीच्या पेशी किती गरम आहेत, किती घ्यायचं. हे कॅन जाळं बॉशनं 1986 मध्ये जगापुढे मांडलं, आणि पेट्रोल गाड्यांतही तेच चालतं.

बाहेरच्या डीसी फास्ट चार्जरवर, जिथे डीसी वीज थेट बॅटरीत जाते, हाच सिग्नल 5 टक्क्यांवर येतो. अर्थ असा, की आता खुणा नकोत, सविस्तर बोलू. मग सीसीएस 2 या डीसी गनमध्ये त्याच पिनेवरून डेटा सुरू होतो आणि गाडी स्वतःच व्होल्टेज आणि करंट मागते. म्हणून चार्जरवर 60 किलोवॉट लिहिलेलं असलं तरी गाडीनं 30 मागितले तर 30 च मिळतात. दोन गनच्या मशीनवर शेजारी दुसरी गाडी लागली की बऱ्याचदा वीज वाटली जाते. 80 टक्क्यांनंतर वेग उतरतो, तिथे थांबून राहू नका, गन काढा आणि मागच्याला जागा द्या. दर घरच्यापेक्षा बराच जास्त असतो. पुणे-नागपूरसारख्या प्रवासाला डीसी हवाच, रोजच्यासाठी नाही.

बिलाचं एक लक्षात ठेवा. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. घराचा वापर 200 युनिट असेल आणि गाडीचे 200 त्यात मिसळले, तर वरची 100 युनिटं 300 च्या पुढच्या महाग टप्प्यात जातात. ईव्हीसाठी वेगळं मीटर घेता येतं, दोन्ही दर मांडून पाहा.

आणि घरी पार्किंगच नसेल तर? घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत दोन वेगवेगळे डीसी चार्जर आहेत का, ते रविवारी संध्याकाळी स्वतः जाऊन बघा. दोन्ही चालू असतील आणि रांग नसेल तर गाडी घ्या. एकच असेल, तर ऑफिसात 15 अँपिअरचा पॉइंट मिळतोय का ते विचारा. तोही नसेल तर मी अजून वर्षभर थांबेन.