यूएसबीवरचा प्रिंटर अडला: दुरुस्त करावा की वायफायचा घ्यावा?

यूएसबीला जोडलेला प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवू लागला की पहिला सल्ला मिळतो तो वायफायवाला नवा प्रिंटर घेण्याचा. मला तो घाईचा वाटतो. एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर एवढंच असेल, तर यूएसबी सोडू नका. तिथे बिघाड शोधायच्या जागा मोजक्या: वायर, पोर्ट, ड्रायव्हर (कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला शिकवणारं सॉफ्टवेअर) आणि प्रिंटची रांग. वायफायवर गेलात की त्यात राउटर, सिग्नल आणि आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा प्रिंटरचा पत्ता) यांची भर पडते.

आधी प्रिंटर धडधाकट आहे का ते बघा. यूएसबीची वायर काढून प्रिंटरच्या बटणांवरूनच टेस्ट पेज काढा. ते नीट आलं तर यंत्र ठीक आहे. मग वायर लावून विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट’ ही ओळ उमटते का पाहा. उमटत नसेल किंवा ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ दिसत असेल, तर संशय वायर आणि पोर्टवर घ्या. ओळ दिसते पण कागद हलत नाही, तर गडबड बहुतेक ड्रायव्हरमध्ये किंवा रांगेत असते.

वायरीच्या बाबतीत काउंटरखालून लांबवर फिरवलेलं एक्स्टेंशन हे नेहमीचं दुखणं. यूएसबी २.० च्या केबलची मर्यादा ५ मीटर आहे. हब (एका पोर्टाचे अनेक करणारी डबी) आणि पुढचं पोर्ट टाळून सीपीयूच्या मागच्या पोर्टात थेट लावा. शंभर-दोनशे रुपयांची नवी वायर लावून पाहिल्याशिवाय प्रिंटर बदलायचा विचारही करू नये.

पोर्ट बदललं की मात्र वेगळाच घोळ होऊ शकतो. विंडोज त्याच प्रिंटरची ‘कॉपी १’ तयार करते आणि तिला ‘यूएसबी ००२’ हे पोर्ट देते. तुमचा डिफॉल्ट प्रिंटर ‘यूएसबी ००१’ वरच अडकून ऑफलाइन दिसत राहतो. ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधल्या ‘पोर्ट्स’ टॅबवर जाऊन योग्य पोर्टवर टिक केली की काम होतं. रांगेत जॉब अडकला असेल, तर प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी विंडोजची सोय) ही सर्व्हिस थांबवा, ‘स्पूल’मधल्या ‘प्रिंटर्स’ फोल्डरच्या आतल्या फाइली काढा आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करा.

कधीकधी दोष आपल्याकडे नसतोच. २०२० मध्ये विंडोज १० च्या काही आवृत्त्यांत, कॉम्प्युटर सुरू होताना प्रिंटर बंद असेल तर त्याचं यूएसबी पोर्टच यादीतून गायब होत असे. आपल्याकडे रात्री बोर्डावरून सगळी बटणं बंद करायची सवय, म्हणून सकाळी आधी प्रिंटर आणि मग कॉम्प्युटर चालू करणं बरं. जानेवारी २०२५ च्या अखेरीस आलेल्या अपडेटनंतर काही यूएसबी प्रिंटर आपोआप निरर्थक अक्षरांचे कागद काढू लागले होते. मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली. अशा वेळी यंत्र उघडून काहीच हाती लागत नाही.

वायफायची खरी ताकद फोनमध्ये आहे. एअरप्रिंट (आयफोनसाठी) किंवा मोप्रिया (अँड्रॉइडसाठी) ही फोनवरून प्रिंट काढायची सोय चालणारा प्रिंटर असेल, तर वेगळा ड्रायव्हर न टाकता मोबाइलवरून प्रिंट निघते. घरात मुलांचे प्रोजेक्ट, कोणाचं तिकीट, कोणाचा अर्ज असं चालतं तिथे हे फार सोयीचं. पण बरेच स्वस्त प्रिंटर वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ या बँडवरच जोडले जातात, ५ गिगाहर्ट्झवर नाही. राउटर बंद-चालू झाल्यावर आयपी बदलला की कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर प्रिंट पाठवत बसतो. त्यासाठी राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी कायमचा राखून ठेवा.

मधला मार्ग म्हणजे जुना यूएसबी प्रिंटर नेटवर्कवर आणणं. त्यासाठी छोटी प्रिंट सर्व्हरची डबी (यूएसबी प्रिंटर नेटवर्कला जोडणारी) घेण्याआधी मॉडेल तपासा. कॅनन एलबीपी २९०० आणि एचपी लेझरजेट १०२० हे आपल्या झेरॉक्सवाल्यांकडे हमखास दिसणारे प्रिंटर पानाची जुळणी कॉम्प्युटरकडूनच करून घेतात. १०२० ला तर प्रत्येक वेळी चालू झाल्यावर फर्मवेअरही (प्रिंटरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) कॉम्प्युटरनेच पुरवावं लागतं. अशा मॉडेलना डब्या बऱ्याचदा चालत नाहीत. विंडोजमधून शेअर केलं तर मुख्य कॉम्प्युटर सतत चालू हवा. शिवाय २०२१ च्या सुरक्षा अपडेटनंतर शेअरिंगचे नियम कडक झालेत, त्यामुळे दोन्ही कॉम्प्युटर अपडेट ठेवा.

तर सेतू केंद्र, दवाखान्याचा काउंटर, एका टेबलावरचा हिशेब, अशा ठिकाणी यूएसबीच ठेवा आणि वर सांगितलेल्या क्रमाने दुरुस्त करा. घरात तीन-चार फोन असतील तर वायफाय घ्या. चार टेबलांच्या ऑफिसला मी लॅनचा (वायरने नेटवर्कला जोडलेला) प्रिंटरच सुचवेन, कारण तिथे वायफायच्या सिग्नलचा प्रश्न उरत नाही. नवा घेताना मागच्या बाजूला यूएसबीचं चौकोनी पोर्ट आहे ना, तेवढं नक्की बघा. राउटर बंद पडला तरी सातबाऱ्याची प्रिंट त्या वायरीवरून काढता येते.